गोव्यात टाउन प्लॅनिंगमध्ये धोकादायक रसायनांचा एक्स्पर्ट म्हणून काम मिळतं का? (केमिस्ट्रीत एमएस्सी, फोंडा)

या नावाची पोस्ट शोधत बसू नका, बहुतेक हे काम कन्सल्टंटकडून, कारखान्याच्या सेफ्टी खात्यातून किंवा पणजीच्या आल्तिनोला फॅक्टरीज अँड बॉयलर्सचं (कारखान्यांची सुरक्षा तपासणारं सरकारी खातं) ऑफिस आहे तिथून होतं. पण काम मात्र खरंच आहे. २०१८ च्या जानेवारीत चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा मध्यरात्री लोकांना घरं सोडावी लागली, २०२३ ला पिळर्णच्या पेंट फॅक्टरीला आग लागली तेव्हाही आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली.

प्लॅनिंगमध्ये प्रश्न असा येतो की टाकी फुटली तर वायू कुठपर्यंत जाईल आणि तिथे शाळा आहे का. आता अमोनिया हवेपेक्षा हलका, पुस्तकात वाचलंय ना, पण दाबाखाली द्रव केलेला अमोनिया गळला की थंड जड ढग होतो आणि जमिनीलगत सरपटत येतो, त्यात आपल्याकडे दुपारी वारा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून, म्हणजे एकाच टाकीचे दोन वेगळे नकाशे. हे काढायला अलोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजच डाउनलोड करा. कायद्यात १९८९ चे घातक रसायनांचे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम नीट वाचा.

नुसत्या एमएस्सीवर मात्र जमणार नाही, इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करा आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, शिका. आणि हो, अशा टाकीजवळ बांधकाम करू पाहणाऱ्या बिल्डरशी वाद घालायची तयारी ठेवा.