ते सहाशे रुपये

ताई,
मी वडगावात राहते. नवरा मागावर विणकामाला जातो, पण सध्या आठवड्यातून चारच दिवस काम असतं. मी घरात फॉल-पिको करते, साडीमागे 80 रुपये मिळतात. दोन महिन्यांपूर्वी फोनवर जाहिरात आली, ‘घरबसल्या साड्यांचं रिसेलिंग करा, रोज 1,000 ते 1,500 कमवा’. नोंदणीचे 1,499 भरले. मग त्यांनी टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. स्टॉक बुक करायला 9,500, अडकलेली ऑर्डर सोडवायला 21,000, शेवटी कमिशन काढायचं तर आधी जीएसटी भरा म्हणून 14,400. बायकांच्या बचत संघाचं कर्ज काढून भरले. ॲपवर माझ्या नावानं 71,250 दिसतात, पण एक रुपया निघत नाही. सुरुवातीला 600 रुपये खात्यावर आले होते, पलीकडच्या घरातल्या सुनेला जोडलं त्याचे, म्हणून विश्वास बसला. त्यातून पोरीला शाळेचे बूट घेतले. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की सगळं खोटं आहे. नवऱ्याला दिसू नये म्हणून चॅट पुसून टाकलं. त्या सुनेचं अजून चालू आहे, परवाच 4,000 भरले म्हणाली. दुपारी ती माझ्याच मशीनवर पिको करायला येते, तेव्हा विचारते, अक्का, पैसे कधी येणार. मी म्हणते, येतील. आता मला व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आलीय, करार मोडला म्हणून 18,500 भरा, नाहीतर बेळगावच्या कोर्टात केस घालू. पोलिसांत जायची भीती वाटते, कानडीत लिहून द्यायला मला येत नाही. 18,500 भरून मोकळी होऊ का? नवऱ्याला सांगू का? रात्र रात्र झोप लागत नाही. माझं नाव छापू नका.

*

18,500 भरू नकोस. एक रुपयाही भरू नकोस. नोटिशीच्या खाली पैसे भरायचा क्यूआर कोड असेल, तर ती नोटीस नाही. कोर्टाचा समन्स असा पैसे मागत येत नाही, आणि जी कंपनीच नाही तिच्याशी झालेला करार मोडता येत नाही. त्या कागदाचा फोटो जपून ठेव आणि त्याच्यावर विचार करणं सोड.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी ते तीनदा वाचलं. 46,399 रुपये गेले त्याबद्दल तू दहा ओळी लिहिल्यास. त्या 600 रुपयांबद्दल एक ओळ, आणि तीसुद्धा स्वतःचा विश्वास का बसला हे सांगायला. माझं सगळं उत्तर त्या एका ओळीला आहे.

ते 600 रुपये कुणाचे होते?

दोन महिन्यांत या धंद्यातून तुझ्या हातात खरोखर आलेला पैसा तेवढाच. तो साडी विकून आला नाही. कारण साडी नव्हतीच. तू राहतेस त्या वडगाव-शहापुरात पिढ्यान्‌पिढ्या साडी विणली जाते. साडी विकायची तर दुकानदार माल देतो, गिऱ्हाईक पैसे देतं, मधलं कमिशन विकणाऱ्या बाईचं, हे तुला कुणी शिकवायला नको. फोनवरून चालणारं खरं रिसेलिंगही असंच चालतं: फोटो पाठवायचे, गिऱ्हाइकानं मागवलं तर आपला नफा. त्यात विकणारीनं आधी पैसे भरायचे नसतात. तुझ्या धंद्यात माल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. मग पैसा एकाच ठिकाणाहून येऊ शकत होता. पलीकडच्या घरातल्या सुनेनं 1,499 भरले आणि तुला 600 मिळाले. तिच्याच नोटा फिरून आल्या असतील किंवा तिच्यासारख्याच दुसऱ्या कुणा बाईच्या, माझ्या लेखी फरक नाही. ते तुझं कमिशन नव्हतं. तिला आणून दिल्याची ती किंमत होती.

हे तुला टोचेल. टोचू दे. त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या दिवसाचा दोष मी तुला देत नाही. कायदाही देणार नाही, फसवणुकीला आधी फसवायचा हेतू लागतो आणि तो तुझा नव्हता. पण तीन आठवड्यांपूर्वी तुला कळलं. त्यानंतर ती रोज दुपारी तुझ्यासमोर बसली, अक्का म्हणून हाक मारली, आणि तू ‘येतील’ म्हणालीस. त्या ‘येतील’वर विसंबून तिनं आणखी 4,000 भरले. 4,000 म्हणजे 50 साड्यांचे फॉल-पिको. ते तुझ्याच मशीनवर, तुझ्या डोळ्यांदेखत झाले असतील. ते पैसे त्या टेलिग्रामवाल्यांनी नेले हे खरं, पण त्यांना तीन आठवड्यांची सवड तुझ्या गप्प बसण्यानं दिली.

मी 27 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. भिशी बुडालेल्या, चिट फंडात अडकलेल्या, दामदुपटीच्या योजनेत दागिने घातलेल्या बायका पाहिल्या. प्रत्येक वेळी असंच व्हायचं: ज्या बाईला सगळ्यांच्या आधी कळायचं, ती सगळ्यांच्या शेवटी बोलायची, कारण तिनंच बाकीच्यांना आणलेलं असायचं. मधल्या दिवसांत उरलेल्यांचे हप्ते जात राहायचे. तुला झोप लागत नाही ती 46,399 साठी नाही, असं मला वाटतं. पैसे गेलेल्या बाईला थोड्या दिवसांनी झोप लागते. रोज दुपारी तोंडावर खोटं बोलणाऱ्या बाईला लागत नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच रात्री मी ईमेलवर चार ओळी पाठवल्या होत्या. उत्तर आलं नाही. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते: आज दुपारी ती मशीनपाशी येईल, तेव्हा तिला सांग. तिच्या घरी जाऊन तिच्या सासूसमोर सांगू नकोस, तुझ्या कबुलीचा मार तिला बसेल. दार लोटून घे, मशीन बंद कर आणि सांग: ‘ती कंपनी खोटी आहे. मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं आणि मी तुला सांगितलं नाही. तुला जोडल्याबद्दल मला 600 रुपये मिळाले होते.’ ही तीनही वाक्यं बोल, तिसरं गिळू नकोस. आणि घरात असतील त्यातले 600 रुपये रोख तिच्या हातावर ठेव. बूट घेतलेस त्याचं काही सांगू नकोस, ‘माझे तर 46 हजार गेले’ हेही नको. ती ओरडेल, रडेल, कदाचित उठून जाईल. तिचं ऐकून घे.

एक मात्र कबूल करू नकोस. ‘तुझे सगळे पैसे मी भरते’ असं तिला म्हणू नकोस, आणि त्यासाठी संघात दुसरं कर्ज मागू नकोस. तुझ्यावर आधीच एक हप्ता चढलाय. लाजेपायी काढलेलं कर्ज तुम्हा दोघींना बुडवेल.

घाई का, ते आता सांगते. यूपीआयनं गेलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. पहिलं खातं बहुतेक कुणातरी गरजू पोराचं असतं, थोड्या पैशांसाठी भाड्यानं दिलेलं. तिथून तो दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो आणि शेवटी एटीएममधून निघतो. 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार गेली की ती त्या साखळीतल्या बँकांकडे पोचते, आणि ज्या खात्यात पैसा अजून शिल्लक असेल तिथं तो रोखून धरता येतो. रोखलेला पैसा पुढं परत मिळू शकतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. तुझा शेवटचा भरणा तीन आठवड्यांपूर्वीचा. तो हाती लागेल अशी आशा मी तुला दाखवणार नाही. तिचे 4,000 तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीचे. ती उद्या पुन्हा काही भरेल तर ते आजच थांबवता येतील. म्हणून मोबाईल आधी तिचा उचला.

तिच्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी तू तुझ्या फोनमधून घालवलीस. तू चॅट पुसलंस. तिचं सगळं तसंच असेल: ग्रुपचं नाव, त्यांचे नंबर, पैसे मागितल्याचे मेसेज, कोणत्या यूपीआय आयडीवर पाठवा ते. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. तुझ्याकडे काहीच नाही असं समजू नकोस. बँकेचं स्टेटमेंट कुणाला पुसता येत नाही. चारही भरण्यांपुढं 12 अंकी व्यवहार क्रमांक असतो, त्यालाच यूटीआर म्हणतात. तक्रारीत तोच लागतो.

आणि त्या 600 ची नोंदही स्टेटमेंटमध्ये आहे. ती लपवू नकोस, उलट तिच्याखाली पेननं रेघ मार. बघ, पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं नसेल, कुणा माणसाचं असेल. त्या खात्याविरुद्ध उद्या दुसऱ्या कुणी तक्रार केली, तर पैशाचा माग काढत चौकशी तुझ्या खात्यापर्यंत येऊ शकते आणि बँक तेवढी रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवते. नवऱ्याची मजुरी त्याच खात्यावर येत असेल तर काय होईल, विचार कर. तू स्वतःहून ती नोंद दाखवलीस तर तू तक्रारदार असतेस. नाही दाखवलीस तर पुढं तुलाच खुलासा करत बसावं लागेल. बँकेलाही त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज दे आणि पोच घे.

कुणीतरी तुला सांगेल की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं आलेला तो नियम आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही दोघींनी पिन स्वतः घातलाय. बँकेशी भांडण्यात दिवस घालवू नका. आणखी कुणी फोन करून ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणेल, तोही त्यांचाच माणूस समज.

कानडीची भीती म्हणतेस. आपल्या सीमाभागात ही भीती मी घराघरात पाहिली आहे आणि तिला हसणार नाही. ठाण्याच्या पायरीवर शब्द अडकतो, मग माणूस घरी परततो आणि म्हणतो, जाऊ दे. पण तुझ्या पत्रातली ती सून तुला ‘अक्का’ म्हणते. कानडी तिच्या घरची भाषा असावी असा माझा अंदाज आहे. जी तक्रार लिहायला तू माणूस शोधते आहेस, ती लिहू शकणारी बाई रोज तुझ्या घरात येऊन बसते आणि तू तिच्यापासूनच तोंड लपवते आहेस. पण तेवढ्यासाठी तिला सांगू नकोस. आधी कबुली दे. मदत करायची की नाही, ते तिला ठरवू दे. तिनं नाही म्हटलं तर आकडे, तारखा आणि यूटीआर कागदावर मराठीतच लिहून जा, त्या आकड्यांना भाषांतर लागत नाही. शहरात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस ठाणं आहे. हद्दीच्या ठाण्यात गेलीस आणि ‘गुन्हा आमच्याकडचा नाही’ म्हणाले, तर 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे: दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची असते. घरातून करायची तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार भरता येते. तक्रारी दोन करा, तुझी वेगळी, तिची वेगळी. तिची तक्रार तुझ्या तक्रारीतली एक ओळ होऊ देऊ नकोस. एका ओळीत तू तिला एकदा बसवलं आहेस.

नवऱ्याला सांगायचं का, हे तू विचारलंस. संघाचा हप्ता त्याच्या मजुरीतूनही जाणार, तेव्हा सांगावं लागणारच. पण तो आजचा प्रश्न नाही. आज दुपारी ते करून आलीस की संध्याकाळी नवऱ्याला सांगायला तुझ्याकडे निदान एक खरी गोष्ट असेल, तक्रारीचा नंबर.

तिनं होकार दिला तर तिच्याच फोनवरून 1930 लावा. कानडीत ती बोलेल. तू तिच्या शेजारी बस, स्टेटमेंट पुढ्यात घे, आणि तिनं विचारलं की एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखव. तिचे 4,000 सगळ्यात आधी.