म्हाताऱ्या कुत्र्याला ‘कुशिंग असू शकेल’ असं सांगितलंय, धीर कसा धरायचा?

तुमचा कुत्रा १० वर्षांचा आहे, सारखं पाणी पितो, रात्री घरातच लघवी करतो, पोट सुटलंय. रक्तात एएलपी (यकृताच्या तपासणीत बघतात ते एक एन्झाइम) वाढलेलं निघालं आणि डॉक्टर ‘कुशिंग असू शकेल’ म्हणाले. तुमची झोप उडालीय ती त्या ‘असू शकेल’मुळे, हे लगेच कळलं. मीही त्यातून गेलोय.

आमची भुरी तेव्हा ११ वर्षांची होती. ती धापा टाकायची, जिना चढताना अडखळायची, तर आम्ही म्हणायचो, वय झालं. भूक मात्र दणदणीत, म्हणून तब्येत चांगली असाच समज. ती भूक कॉर्टिसॉल या संप्रेरकाची होती हे नंतर कळलं. खरं तर एक खूण महिनोन् महिने डोळ्यांसमोर होती. सलाइनसाठी पुढच्या पायावरचे केस कापले होते आणि तो रुपयाएवढा चट्टा चार महिन्यांनीही तसाच उघडा होता.

या आजारात मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल सोडतात. ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मूळ कारण म्हणजे मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीवर आलेली गाठ, उरलेल्यांत गाठ ॲड्रिनलवरच असते. ‘गाठ’ ऐकून मी हबकलो होतो. पिट्युटरीवरची बहुतेक वेळा अगदी बारीक आणि कर्करोगाची नसलेली असते.

सध्या एक काम करा, पाणी मोजा. सकाळी मापाने भांडं भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं, असं तीन-चार दिवस. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर ते नक्कीच जास्त. भुरी १४ किलोची, प्यायची दोन लिटर. मला या आकड्याने घाबरवलं नाही, उलट हाताला काम मिळालं. रात्री लघवी होते म्हणून पाणी मात्र तोडू नका. झोपण्याआधी एक फेरी जास्त मारा, जुन्या चादरी अंथरा आणि त्याला रागावू नका, त्याच्या हातात ते नाही.

डॉक्टरांना एक आवर्जून विचारा: खाजेच्या गोळ्या, कानाचे थेंब, मलम यांत स्टेरॉइड आहे का? बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब हीच लक्षणं येतात. असलं तरी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं. ते टप्प्याटप्प्यानेच सोडवावं लागतं.

एकट्या एएलपीवरून निदान होत नाही, ते इतर अनेक कारणांनी वाढतं. जास्त तहान मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही लागते. सकाळच्या पहिल्या लघवीतलं कॉर्टिसॉल आणि क्रिॲटिनिनचं प्रमाण नॉर्मल आलं, तर कुशिंग जवळजवळ बाद. वाढलेलं आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. नमुना घरीच घ्या, दवाखान्याच्या धास्तीनेही कॉर्टिसॉल वाढतं. मी पहाटे जुना डाव घेऊन भुरीच्या मागे वाकून चालत होतो आणि ती दर दोन पावलांना थांबून ‘याला झालंय काय’ अशा नजरेने वळून बघत होती. तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही. पुढची, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचून करायची तपासणी आठ तासांची होती, रक्त तीनदा घेतलं.

निदान पक्कं झालं तरी उद्याच्या उद्या काही कोसळत नाही. हा आजार सावकाश चालतो, आणि लक्षणं त्रासदायक नसतील तर डॉक्टर थांबायलाही सांगतात. भुरीला ट्रायलोस्टेन, म्हणजे कॉर्टिसॉल कमी करणारं औषध, सुरू झालं, जेवणाबरोबर. आजार त्याने मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. गोळी बहुधा आयुष्यभर आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. यात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: कुत्र्याने जेवण टाकलं, उलट्या-जुलाब झाले, मरगळून पडला, तर पुढची गोळी न देता लगेच फोन. कॉर्टिसॉल फार खाली गेलं तर जिवावर बेततं. तिसऱ्या आठवड्यात भुरीने ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा गोळी थांबवली, तपासलं आणि डोस कमी झाला.

तोवर पाणी निम्म्यावर आलं होतं. केसांना पाच महिने लागले, आणि पायावरच्या त्या चट्ट्यावर भुऱ्याऐवजी चक्क काळे केस उगवले.