वाचकांचे प्रश्न : निबंधात मुलीचे स्वतःचे वाक्य कसे येईल?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिचे शुद्धलेखन चांगले आहे, अक्षरही सुबक आहे. परंतु निबंध लिहायला बसली की गाइडमधील वाक्येच वहीत उतरतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर तिने धरणीमातेने हिरवा शालू नेसल्याचे लिहिले. आमच्याकडे पाऊस बेताचाच असतो. तिला स्वतःचे लिहिता यावे म्हणून घरी काय करावे?
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आभाळ भरून येते, वारा सुटतो, अंगणातले वाळवण उचलायला धावपळ होते आणि ढग तसेच पुढे निघून जातात, हे आपल्या मुलीने कितीदा तरी पाहिले असेल. न पडलेल्या पावसाची ही हकीकतसुद्धा त्या निबंधाचा विषय होऊ शकते, हे तिला कोणी सांगितलेले नसावे. मुलांना कल्पनाशक्ती नसते असे मला इतक्या वर्षांच्या अध्यापनात कधीच वाटले नाही; घरातले, रोजच्या बोलण्यातले शब्द वहीत चालत नाहीत, अशी भीती मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मनात आढळली, आणि ती आपण मोठ्यांनीच घातलेली असते.

नाशिक जिल्ह्यात शिकवत असताना एका मुलाने ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहून आणले होते. ‘मी जगाचा पोशिंदा’ अशी सुरुवात, पुढे ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगणे वगैरे सारे ठरलेले. मी त्याला वही मिटायला सांगितली आणि काल संध्याकाळी घरी काय चालले होते, असे विचारले. कांदा साठवायच्या चाळीतला कांदा निवडत होतो, असे तो म्हणाला. सडलेला कांदा ओळखायचा कसा, हाताला कसा लागतो, त्या वेळी घरात कोण काय बोलत होते, असे मी एकेक विचारत गेले. वरून कांदा चांगला दिसतो, पण दाबला की बोट आत जाते. वडील काही न बोलता सडका कांदा बाजूला टाकत होते आणि आई मात्र किती टोपल्या गेल्या ते मोजत होती, असे त्याने सांगितले. जसे बोललास तसेच लिही, एवढेच मी म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने सातच वाक्ये आणली. पहिले वाक्य होते, ‘चाळीजवळ गेले की वासावरूनच वडिलांना कळते, किती माल गेला.’ ते वाचताना वर्ग शांत झाला होता.

आपणही हेच करावे. लिहिण्याआधी तिला दहा मिनिटे बोलू द्यावे, मध्ये सुधारू नये, आणि ‘छान’, ‘सुंदर’, ‘खूप मजा आली’ असे शब्द आले की ‘म्हणजे नेमके काय झाले?’ असे विचारावे. रोज पाच ओळी पुरेत, पण त्या त्या दिवशी पाहिलेल्या एकाच गोष्टीविषयी असाव्यात : बसथांब्यावरची म्हातारी, शेजारच्या घरातली बाचाबाची, आजीने भाकरी थापताना हाताला लावलेले पाणी. बोलीतला शब्द आला तर तो राहू द्यावा. लाल पेन आठवडाभर बाजूला ठेवावे. शुद्धलेखन महत्त्वाचे आहेच, परंतु ते दुसऱ्या वाचनाचे काम आहे, आणि पहिल्याच ओळीवर वेलांटी दुरुस्त केली की मूल पुढच्या ओळीत सावध होते व पुन्हा गाइडकडे वळते. पाच ओळी दुसऱ्या दिवशी तिनेच मोठ्याने वाचाव्यात. जीभ अडखळते ते वाक्य बहुधा उसने असते. सुरुवातीची एक-दोन वाक्ये काढून पाहावीत, कारण खरा मजकूर पुष्कळदा तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

वाचनासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक घ्यावे. ते १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर वाचायला मिळतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. परीक्षेत मनाचे लिहिले तर गुण कमी होतील का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. त्यातील पत्र, बातमी, जाहिरात यांना ठरलेला आराखडा असतो. तो पाळावाच लागतो. प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन यांपैकी एकच लिहायचे असते आणि त्याला ८ गुण असतात. तिथे दिलेले मुद्दे सोडू नयेत, मात्र एका मुद्द्यावर थोडे थांबून स्वतःचा एखादा तपशील घालावा. ढीगभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला असे वाक्य लगेच दिसते, हे मी स्वतः उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळे खात्रीने सांगते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून लिही आणि ते मैत्रिणीला वाचून दाखव. ती जिथे ‘मग काय झालं?’ असे विचारील, तिथे आणखी एक वाक्य घाल.