सावली नेमकी कोणावर पडते?

प्रश्न : फिल्म न्वार या हॉलीवूडच्या काळोख्या गुन्हेपटांच्या प्रकारात खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या वारंवार दिसतात. तो केवळ शैलीचा सोस आहे का? आणि यातील स्त्री नेहमीच पुरुषाला फसवणारी का असते?

उत्तर : एरवीच्या हॉलीवूडपटात मुख्य दिव्यामुळे चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्या दुसऱ्या, सौम्य दिव्याने पुसून टाकल्या जात, न्वारमध्ये हा दुसरा दिवा मंद ठेवला जाई किंवा काढूनच टाकला जाई. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४) कोंदट दिवाणखान्यातील तिरिपेत धूळ दिसावी म्हणून छायालेखक जॉन सीट्झ यांनी हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. त्याच खोलीत गजांसारख्या दिसणाऱ्या सावल्या पडतात त्या विमा एजंट वॉल्टर नेफच्या अंगावर, तेही त्याने कोणताही गुन्हा करण्याआधीच. तेव्हा याला निव्वळ सोस म्हणता येणार नाही.

स्त्रीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कथा सांगतो नेफ, डिक्टाफोन या आवाज नोंदवणाऱ्या यंत्रावर खुनाचा कबुलीजबाब देत. त्यामुळे ज्या विवाहितेच्या नादाने तो खून करतो ती फिलिस आपल्याला दिसते तीच मुळी त्याच्या नजरेतून, जिना उतरणारी पावले आणि घोट्यातली साखळी अशी तुकड्यातुकड्यांनी. पुढे गाडीत नेफ तिच्या नवऱ्याचा जीव घेत असताना कॅमेरा त्या दोघांकडे वळतही नाही, तर गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. हात पुरुषाचे, पण गुन्हा उमटतो तिच्या चेहऱ्यावर. न्वारमधील स्त्रीचित्रणाची सगळी मेख मला या एका शॉटमध्ये दिसते.

युद्धकाळात स्त्रिया कारखान्यांत गेल्या आणि पुरुषांच्या मनातील भीतीतून अशी नायिका जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते, कारण ‘डबल इन्डेम्निटी’ची लेखक जेम्स केन यांची मूळ कथा १९३६ मध्येच नियतकालिकातून आली होती. युद्धाने फार तर या भीतीला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला असेल.

‘नेहमीच’ हा आपला शब्द मात्र मान्य करता येत नाही. जोन हॅरिसन या निर्मातीच्या ‘फँटम लेडी’मध्ये (१९४४) खुनाच्या आरोपात अडकलेल्या मालकाला सोडवण्यासाठी त्याची सेक्रेटरीच तपासाला निघते. अंधार तोच, निर्जन रस्ते तेच. पण बारच्या टोकाला बसून ती साक्षीदाराकडे एकटक पाहत राहते, आणि त्या नजरेखाली चुळबुळ करू लागतो तो पुरुष.