क्रोशाच्या टॉपचा पॅटर्न पाच मापांत लिहून विकायचा असेल, तर प्रत्येक मापाला किती टाके वाढवावेत?

प्रत्येक मापाला अमुक इतके टाके, असे एकच सूत्र नाही. जे कोणी ते शिकवतात त्यांनी स्वतःच्या अंगापलीकडच्या मापासाठी बहुधा कधी विणलेलेच नसते. मी हे थोडे कडवटपणे लिहिते आहे, कारण याच सूत्रापायी मी माझ्या मावसबहिणीचे नऊ गुंडे सुती दोरा आणि तिचे तीन आठवडे वाया घालवले आणि वर दोषही तिलाच दिला.

तो माझा पहिला पॅटर्न होता. ३४ इंच छातीसाठी ४ इंचांची ढिलाई (अंगापेक्षा जास्तीचा घेर) धरून समोरचा आणि पाठीचा भाग प्रत्येकी १९ इंचांचा होता. माझ्या चौकोनात (टाके मोजायला आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यात) ४ इंचांत १६ खांब (क्रोशाचे उंच टाके) आणि ९ ओळी बसत होत्या, म्हणजे एका भागाला ७६ टाके झाले. मोठी मापे काढताना मी फारसा विचार केला नाही. ४६ला ३४ने भागले आणि जे उत्तर आले त्याने गळा, खांदा, मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई) अशा सगळ्याच आकड्यांना गुणले. पाठीची रुंदी, म्हणजे मुंढ्यांमधले वरचे अंतर, ६० टाक्यांवरून ८१वर गेली आणि मुंढ्याच्या १६ ओळींच्या २२ झाल्या. ताईची छाती ४६, म्हणून तपासणीसाठी तिला विणायला सांगितले. तिने कळवले की गळा खांद्यावरून घसरतो, बाहीची शिवण दंडावर उतरते आणि हात वर केला की सबंध टॉप वर चढतो. मी उत्तर दिले, ‘‘ताई, तुझा हात सैल असेल.’’ तिने काही न लिहिता आपल्या चौकोनाचा टेप लावलेला फोटो पाठवला. ४ इंचांत नेमके १६ खांब होते. पुढचे दोन दिवस मी तिला उत्तर दिले नाही.

छाती वाढते त्या प्रमाणात खांदा वाढत नाही, हे ब्लाउज शिवणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. माझी आई ब्लाउज शिवायची, तरी मी तिला विचारले नाही, हा भाग वेगळा. क्राफ्ट यार्न काउन्सिल या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यात ३२–३४ छातीला पाठीची रुंदी साडेचौदा ते १५ इंच आहे आणि ४४–४६ला साडेसतरा. छातीत १२ इंचांची वाढ होते, तर पाठीत जेमतेम अडीच ते तीन इंचांची. दंड मात्र सव्वादहावरून साडेतेरावर जातो, म्हणजे तो जवळजवळ छातीच्याच प्रमाणात वाढतो. म्हणून प्रत्येक जागेचे माप तक्त्यातून स्वतंत्र घ्यावे, त्याचे टाके करावेत आणि मगच मापांची तुलना करावी.

खरी अडचण मुंढ्यात येते. ३४ला ७६ टाक्यांवरून ६०वर यायचे, म्हणजे दर बाजूला ८ टाके घटवायचे आणि त्यासाठी १६ ओळी हाताशी असतात. ४६ला १००वरून ७०वर यायचे असते, म्हणजे दर बाजूला १५ टाके, आणि मुंढा साडेआठ इंचांचा धरला तर ओळी फक्त १९. घट जवळपास दुप्पट होते, ओळी मात्र तीनच वाढतात. खांबाची ओळ उंच असल्यामुळे सुयांवरच्या विणकामासारखी हळूहळू घट करायला इथे वाव नसतो. मोठ्या मापात काखेखाली आधी सात-आठ टाके एकदम सोडून द्यावेत आणि उरलेले ओळीआड घटवावेत. ही सूचना लहान मापांच्या वाक्यात कंसात कोंबू नये, तिला स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

मी ज्या वर्गात क्रोशा शिकले तिथल्या बाई म्हणत, ‘‘माप मोठे हवे तर सुई मोठी घ्या, पॅटर्न तोच.’’ मी शंका काढली तेव्हा सगळ्यांसमोर हसल्या होत्या. नंतर मी तेही करून पाहिले. ४ मिलिमीटरच्या जागी ५ची सुई घेतली, तेव्हा माझ्या हाताला ४ इंचांत १४ खांब आणि ८ ओळी आल्या. टॉप एका मापाहून थोडा जास्तच रुंद झाला खरा, पण २० इंचांची लांबी साडेबावीसवर गेली आणि वीण इतकी विरळ झाली की आत अस्तर लावल्याशिवाय तो घालता येईना. बाईंचे सूत्र शालीला चालते, अंगच्या कपड्याला नाही.

शिंपल्याची वीण असेल तर आणखी एक पेच पडतो. ६ टाक्यांची एक आवृत्ती (पुन्हा पुन्हा येणारा नमुना) दीड इंचाची होते, म्हणजे दोन्ही भागांत मिळून घेर ३ इंचांनी वाढतो. मापे मात्र ४ इंचांच्या टप्प्याने जातात. अशा वेळी दर भागाच्या दोन्ही कडांना एकेक साधा खांब वाढवून ६ आणि २ असे ८ टाके भरून काढावेत. विकणार असाल तर अंगाचे माप आणि तयार कपड्याचे माप दोन्ही छापावीत आणि सर्वांत मोठे माप त्याच मापाच्या बाईकडून विणून घ्यावे. तिची तक्रार आली तर आधी स्वतःचे गणित तपासावे.

हा तक्ता आपल्याकडच्या बायकांची मापे घेऊन केलेला नाही, तेव्हा खांद्याचे आकडे दोन-तीन जणींवर टेप लावून पाहावेत. शिवाय मी हे सारे वेगळी बाही जोडलेल्या टॉपबद्दल लिहिले आहे. तुमचा टॉप गळ्यापासून खाली गोल विणलेला असेल तर मुंढ्याचे हे गणित त्याला लागू होणार नाही, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही.