आधी टॅब कपाटातून बाहेर काढ

सिंहगड रोडवरून एका ताईनं लिहिलंय. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, ऑटिझम आहे, तोंडाने चार-पाचच शब्द बोलतो, बाकी सगळं टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगायचा. काम शिकायला जातो त्या नव्या वर्कशॉपमधले सर म्हणाले टॅबमुळे आळशी झालाय, काढून घ्या, आपोआप बोलेल. आई-बाबांनी टॅब कपाटात ठेवला, तेव्हापासून तो हात चावून घेतो. कुणाचं ऐकू?

अगं, त्याचं ऐक! बोलायचं साधनच काढून घेतलं तर माणूस काय करणार? आणि दात, कान, पोट काही दुखत नाहीये ना, हे डॉक्टरांना दाखवून घेच, कारण दुखतंय हे सांगायची सोयसुद्धा त्या कपाटातच आहे.

चित्रांमुळे बोलणं थांबतं ही भीती बऱ्याच घरांत असते, आई-बाबांवर चिडू नकोस, पण यावर जे अभ्यास झालेत त्यांत तसं दिसलेलं नाही, उलट काहींचं बोलणं थोडं वाढलंच. आणि नाही वाढलं तरी तो त्याच्या पद्धतीने बोलतोयच की. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संवाद म्हणजे फक्त तोंडी बोलणं नाही, खुणा आणि पर्यायी साधनंही त्यात धरलीत, हे सरांना सांग.

आता टॅबवर काय आहे ते बघ. बहुतेक ठिकाणी पाणी, जेवण, बाथरूम एवढंच असतं. 'नको', 'बास', 'दुखतंय', 'तुझा राग आलाय', 'मला एकट्याला बसू दे' हे टाक, आणि त्याने 'नको' दाबलं की ते खरंच थांबव, नाहीतर त्या बटणाचा उपयोग काय. हात धरून दाबून घेऊ नका, मग ते बोलणं तुमचं होतं, त्याचं नाही. आयआयटी मुंबईचं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं जेलो अ‍ॅप फुकट आहे, मराठीत आहे, आणि चार्जिंग संपलं तर म्हणून एक लॅमिनेट केलेला चित्रांचा कागद बॅगेत असू दे.

अमृततुल्यवर चहावाला तुलाच विचारत असेल ना, "याला काय देऊ?" तू उत्तर देऊ नकोस, टॅब त्याच्या पुढ्यात धर आणि गप्प उभी राहा, मागे गर्दी असली तरी, चांगले दहा आकडे मोज मनात. त्याने क्रीमरोल दाबला तर क्रीमरोल, रोजचा चहा नाही.

सरांना भेटायला जाशील तेव्हा त्यालाही ने. आणि त्याआधी घरी त्यालाच विचार, या वर्कशॉपला जायचंय का, 'हो' आणि 'नको' दोन्ही समोर ठेवून.