‘माझी भीती माझ्या मुलीला लागली का?’

चिपळूणजवळच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. नाव देत नाही, मजकूर थोडा कमी केला आहे.

“माझं वय ४६. दीड वर्षापूर्वी कऱ्हाडला बहिणीकडे निघाले होते. कुंभार्ली घाटात पुढे ट्रक बंद पडला म्हणून एसटी धुक्यात थांबली. अचानक छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. खिडकीचा गज घट्ट धरून बसले, आता मरते असंच वाटलं. कंडक्टरने पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं. त्यानंतर सहा-सात वेळा असं झालं, दोनदा तर घरात, काही कारण नसताना. चार ईसीजी आणि टू-डी एको काढून झाले, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. सासूबाईंनी कौल लावून पाहिला. आता मी एसटीत बसत नाही, बाजारात जात नाही, लग्नाला गेले तर दाराजवळची खुर्ची धरते. पर्समध्ये गोळी असल्याशिवाय अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. मुलगी पुण्याला एफवायबीएला आहे, मानसशास्त्र घेतलंय. गेल्या महिन्यात आली तेव्हा पुस्तकातलं वाचून म्हणाली, आई, तुला चिंता विकृती आहे. मग हळूच म्हणाली, हे आनुवंशिक असतं, परीक्षेआधी मलाही असंच होतं. ‘विकृती’ ऐकून रात्रभर डोळा लागला नाही. माझी आईही होडीत बसायला घाबरायची. मी मुलीला हे दिलं का? मी दुबळी आहे का?”

ताई,

तुमच्या मुलीने वाचलेला तो धडा मी कॉलेजात सव्वीस वर्षं शिकवला. ‘चिंता विकृती’ हे शब्द फळ्यावर लिहिले की दरवर्षी तास संपल्यावर एखादी मुलगी वही छातीशी धरून दाराजवळ रेंगाळायची. “मॅडम, माझी आई विकृत आहे का हो?” एवढंच तिला विचारायचं असायचं. परिभाषा करणाऱ्यांनी हा शब्द ‘बिघाड’ या अर्थाने घेतला. पण आपल्या बोलण्यात ‘विकृत’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते घेऊन तुम्ही रात्रभर जागलात. तो शब्द आधी टाकून द्या. आपण ‘चिंतेचा आजार’ म्हणू.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे पॅनिक डिसऑर्डरसारखं, म्हणजे भीतीचे तीव्र झटके वारंवार येण्यासारखं दिसतं. झटका एखाद्या वेळी कुणालाही येऊ शकतो. पण तो ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा येतो आणि ‘परत येईल’ या धास्तीत किंवा तो टाळण्यासाठी वागणं बदलण्यात महिना उलटतो, तेव्हा त्याला आजार म्हणतात. पत्रावरून पक्कं निदान होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचं. दोन तपासण्या मात्र राहिलेल्या दिसतात. थायरॉइडची रक्ततपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. तुमच्या वयात पाळीच्या बदलांनीही धडधड आणि घाम होतो, तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आता घाटात काय झालं ते बघू. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणं हे त्याच्या कामांपैकी एक. घंटा वाजली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, लाळ कमी होते. आपल्या मराठीने हे कधीच टिपून ठेवलंय. तोंडचं पाणी पळालं, हातपाय गार पडले, पोटात गोळा आला, छातीत धस्स झालं. पळायला किंवा लढायला शरीर तयार होतं, ते असं. त्यात श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. तुमचं हृदय बिघडलं नव्हतं. ते सांगितलेलं काम चोख करत होतं, फक्त घंटा चुकीच्या वेळी वाजली होती.

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये एक चक्र मांडलं. धडधड होते, मन म्हणतं ‘हा हार्ट अटॅक’, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. तुमच्या पत्रात हे चक्र जसंच्या तसं आहे. “आता मरते असंच वाटलं” हे वाक्य त्या चक्राचा मधला आरा. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून एवढं समजावलं असतं, तर पुढचे तीन ईसीजी बहुधा वाचले असते. याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘काही झालेलं नाही’ हे उत्तर नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि त्रासही खरा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

मग झटका येऊन गेला तरी भीती दीड वर्षं का टिकली? एसटी चुकवलीत त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं असेल. ते सुटल्यासारखं वाटणं हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस. न चढल्यामुळे वाचलो, असा हिशेब तो मांडतो आणि पुढच्या वेळी आणखी जोरात ‘नको’ म्हणतो. ओ. एच. मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हे मांडलं. भीती बसते एका प्रसंगाने, टिकते टाळण्याने. तुमचं तसंच झालं. आधी एसटी गेली, मग बाजार, मग लग्नाचा मांडव. पर्समधली गोळीही याच हिशेबात बसते. ती न घेताही ‘तिच्यामुळे निभावलं’ असं मन म्हणतं आणि तुमच्या हिमतीचं श्रेय गोळी घेऊन जाते.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनाही तुम्ही बऱ्या व्हायला हव्या आहात, त्यांना ठाऊक असलेलं दार त्यांनी ठोठावलं. तुम्ही दुसरं ठोठावा.

आता ज्या प्रश्नाने झोप उडाली तो. आनुवंशिकतेचा वाटा असतो, ते नाकारून तुमची खोटी समजूत काढणार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंतेच्या आजारांत तो साधारण ३० ते ४५ टक्क्यांच्या आसपास निघतो. पण हा आकडा वाचताना एफवायची मुलं हमखास चुकतात, तुमची मुलगीही चुकली असेल. ‘तिला हा आजार व्हायची शक्यता ४० टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग आनुवंशिक फरकांनी समजावता येतो, इतकंच. जोखीम थोडी वाढते हे खरं, पण असा आजार असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. परीक्षेआधी पोटात गोळा येणं हा तर आजारच नाही. आणि ताई, कारण असणं वेगळं, दोष असणं वेगळं. तुमच्या आईने होडीची भीती मुद्दाम दिली नाही. तुम्हीही काही दिलेलं नाही. बायकांमध्ये हे आजार पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतात, तेव्हा दुबळेपणाचा प्रश्नही सोडून द्या.

भीती बघूनही शिकली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८० च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग मी वर्गात नेहमी सांगायची. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. रानातून आलेली माकडं सापाला घाबरताना त्यांनी पाहिली आणि थोड्याच वेळात तीही घाबरायला लागली. इथवर ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल, पण थांबा. काही माकडांना आधी दुसरी माकडं सापाजवळ निवांत बसलेली दाखवली होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना नंतर घाबरलेली माकडं बघूनही भीती लागली नाही. निर्धास्तपणाही बघून शिकता येतो. तुमची मुलगी १८-१९ वर्षांची आहे, अजून तुमच्याकडेच बघते आहे.

म्हणून उपचार घ्या, आणि लपवून नको, तिला सांगून घ्या. या आजारावर सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी पद्धत चांगली लागू पडते. औषधंही आहेत. रोज घ्यायच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. पर्समधली गोळी कोणती आहे ते तज्ज्ञांना दाखवा. अल्प्राझोलमसारखी, म्हणजे भीती तात्पुरती चटकन उतरवणारी असेल तर तिची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर ती मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं. जवळ तज्ज्ञ कोण हे कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

भीतीच्या दिशेने पायरीपायरीने जाणं हा या उपचाराचा गाभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. तो आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा थोडाथोडा जवळ आणला. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला.

तुमचा ससा कुंभार्ली घाटात बसलाय. तज्ज्ञांशी बोलून पायऱ्या ठरवा, त्या अशा असू शकतील. पहिल्या आठवड्यात चिपळूण स्टँडवर नुसतं अर्धा तास बसायचं, गाड्या बघायच्या. मग खेर्डीपर्यंत तिकीट काढायचं. मग पोफळी. मग घाट चढून हेळवाक, मग पाटण, मग कऱ्हाड. प्रत्येक टप्प्यावर धडधड होईल, ती व्हायलाच हवी. उतरायचं नाही, गज धरायचा नाही, मोबाईलमध्ये तोंड घालायचं नाही. लाट वर चढते, थोड्या वेळाने आपोआप ओसरते. ती ओसरताना तुम्ही गाडीत असायला हव्यात, मेंदू ते तेव्हाच शिकतो. एक पायरी तीन-चारदा निवांत झाली की पुढची.

मुलगी गणपतीला येईल तेव्हा तिला पोफळीच्या गाडीत बरोबर न्या. तिला आधीच सांगा, हात धरायचा नाही, ‘आई, ठीक आहेस ना?’ असं दर मिनिटाला विचारायचं नाही. ती मागच्या सीटवर बसू दे. खिडकी तुम्ही घ्या.